गुलाबी गोळीचा भाव

अमेरिकेत बायकांच्या ओसरलेल्या इच्छेवर एक गुलाबी गोळी मिळते. औषध फ्लिबान्सेरिन, बाजारातलं नाव अ‍ॅडी. मुळात ते नैराश्यावर काढलेलं. तिथे जमलं नाही, तेव्हा बिचाऱ्याची शयनगृहात बदली झाली. सरकारी औषध खात्याने ते 2 वेळा नापास केलं, ऑगस्ट 2015 मध्ये पास केलं आणि लगोलग ते बनवणारी कंपनी सुमारे 100 कोटी डॉलरला विकली गेली. इच्छा नक्की कोणाची चाळवली, ते कळलंच.

गोळी रोज झोपताना घ्यायची. नुसत्या खोट्या गोळीपेक्षा फायदा किती? महिन्याला साधारण अर्धा ते एक जास्तीचा सुखाचा प्रसंग. सुरुवातीचा भाव महिना सुमारे 800 डॉलर. अर्धा प्रसंग वहीत कसा मांडतात, हे एखाद्या मुनीमजीलाच विचारावं.

दारूबरोबर घेतली तर रक्तदाब कोसळून भोवळ येऊ शकते. ते तपासायला 25 माणसं बसवली. त्यात पुरुष 23. (बायका बहुधा स्वयंपाकात असाव्यात.) बुरशीच्या संसर्गावरची फ्लुकोनाझोल चालू असेल किंवा यकृत बिघडलेलं असेल, तरीही ही गोळी वर्ज्य.

आता चिठ्ठी ऑनलाइन मिळते. ‘दारू घेता का?’ या रकान्यात खरं लिहिणारी माणसं आपल्याकडे वधूवर मंडळातही सापडत नाहीत, तिथे कुठून आणणार? आणि नात्यातल्या कुरबुरीमुळे इच्छा गेली असेल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही, असं माहितीपत्रकातच छापलंय. मग गिऱ्हाईक उरलं कोण?