पंख्याखालची खुर्ची

ऑफिसात मोठं कोण, हे दारावरच्या पाट्या वाचून कळत नाही. पंख्याखाली कोण बसतं ते बघावं. साहेबाच्या केबिनीत पंखा असतोच, पण तो नियमाने मिळालेला, त्यात कर्तबगारी कसली? हॉलमधला पंखा मात्र सेवाज्येष्ठता, तब्येतीच्या तक्रारी, युनियनमधलं वजन आणि शेजाऱ्याची सहनशक्ती यांच्या जोरावर मिळवावा लागतो. मी नोकरी केली ती सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बँकेत. तिथे मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकतो. नेतृत्व, संघभावना, परिवर्तन असल्या विषयांवरची पुस्तकं मी पुढे बरीच वाचली. ती सगळी एसीत बसून लिहिलेली असावीत, कारण एकातही पंख्याचा उल्लेख नाही.

बँकांत कॉम्प्युटर आला तो खरं नाव न सांगता. 1984 साली डॉ. रंगराजन यांच्या समितीने अहवाल दिला, तो बँकांतल्या यांत्रिकीकरणावर. संगणकीकरण हा शब्द समितीच्या नावात यायला त्यांचीच पुढची समिती यावी लागली, तिचा अहवाल 1989 चा. मधल्या काळात शाखांत जे आलं त्याला ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ म्हणायचं, असा बेत होता. त्याला पडदा होता, कीबोर्ड होता, फ्लॉपी होती. पण तो कॉम्प्युटर नव्हता. आमच्या युनियनने तरीही दारात घोषणा दिल्या. मग दोन गोष्टी कळल्या. मशीनवर बसणाऱ्याला वेगळा भत्ता होता आणि मशीनच्या खोलीला एसी बसणार होता. घोषणा थांबल्या आणि ज्येष्ठता यादी बाहेर निघाली. त्या खोलीत चप्पल काढून जावं लागे. धुळीने मशीन बिघडतं, असं कारण सांगत. पण आमचे दफ्तरी मामा आत जाताना हातही जोडत.

पुढे 2000-01 मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली. सरकारी बँकांतून सुमारे लाखभर माणसं पैसे घेऊन घरी गेली. आमच्या शाखेत मागे उरले ते दोन प्रकारचे. एक, ज्यांना कॉम्प्युटरची भीती वाटत नव्हती. आणि दुसरे, ज्यांना दिवसभर घरी बसण्याची त्याहून जास्त भीती वाटत होती. दुसऱ्यांची संख्या मोठी होती.

या उरलेल्या फौजेपुढे काही वर्षांनी कोअर बँकिंग येऊन ठाकलं. म्हणजे खातं शाखेचं न राहता सगळ्या बँकेचं होणार, पैसे कुठूनही काढता येणार, लेजर इतिहासजमा. त्याची मानसिक तयारी करून घ्यायला विभागीय कार्यालयातून एक साहेब प्रोजेक्टर घेऊन आले. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन कॉटर यांनी 1996 च्या ‘लीडिंग चेंज’ या पुस्तकात बदलाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांतली पहिली, लोकांना निकड जाणवून द्या. साहेबांनी ती संध्याकाळी साडेपाचला जाणवून दिली, पावणेसहाची एसटी सुटायच्या बेतात असताना. त्यांच्या पुढच्या सात पायऱ्या आम्ही घड्याळाकडे बघत चढलो.

त्यांच्यासोबत एक प्रशिक्षक मॅडम होत्या. त्यांनी पडद्यावर एक वाकडी रेघ दाखवली. माणूस बदल स्वीकारताना म्हणे नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार अशा पाच अवस्थांतून जातो. या पायऱ्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंच्या. शिकागोत मरणाच्या दारी असलेल्या रुग्णांशी बोलून त्यांनी 1969 साली एक पुस्तक लिहिलं, त्यातून त्या घेतलेल्या. मॅडम प्रामाणिक होत्या, त्यांनी हे मूळही सांगून टाकलं. हेडकॅशियर नानांनी हात वर केला. नाना हात वर करतात तेव्हा कॅशमध्ये तरी काही गडबड असते किंवा देशात तरी. ते म्हणाले, “मॅडम, पाचव्या पायरीनंतर पेशंटचं काय होतं?” मॅडमनी पुढची स्लाइड लावली. तिच्यावर ‘धन्यवाद’ लिहिलेलं होतं.

मरणाऱ्या माणसांसाठी केलेला तक्ता चालत्याबोलत्या नोकरदारांना लावायची कल्पना ज्याला सुचली, त्याने एखादी बँकेची शाखा बघायला हवी होती. आमच्याकडे क्रमच वेगळा. घासाघीस सगळ्यात आधी, नकार त्यानंतर आणि राग जेवणाच्या सुट्टीनंतर. खिन्नता घरी नेऊन बायकोला द्यायची.

सुदैवाने त्याच सुमारास आम्हांला नवे शाखाधिकारी मिळाले. गृहस्थ अबोल. टेबलावर पुस्तक म्हणाल तर एसटीचं वेळापत्रक. आल्या आल्या त्यांनी भाषण केलं नाही, त्यामुळे आठवडाभर त्यांच्याविषयी संशयाचं वातावरण होतं. एका शनिवारी, अर्ध्या दिवसाचं काम आटोपल्यावर, त्यांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून भजी मागवली, सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, “नवीन सिस्टीम येणार ते ठरलंय. ते माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. त्यात कुणाचं काय जातंय ते सांगा.”

इतकी वर्षं आम्हांला काय मिळणार तेवढंच सगळे सांगत आले होते. जातंय काय, हे विचारणारा हा पहिलाच माणूस.

लेजरवाले तात्या सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांचं जाणार होतं ते राज्यच. सेव्हिंग्जची अर्धी लेजरं त्यांच्याकडे. सही बघून माणूस ओळखायचे आणि माणूस बघून शिल्लक सांगायचे. एका नावाचे पाच-पाच खातेदार, म्हणून पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खुणा केलेल्या: ‘विहिरीकडचे’, ‘पाटलांचे जावई’, ‘भावाशी बोलत नाही’. गरजू माणूस हुरड्याच्या दिवसांत हुरडा घेऊन आधी तात्यांना भेटायचा, मग साहेबांना. उद्या कुठल्याही खिडकीवरचं कुठलंही पोरगं शिल्लक सांगणार म्हटल्यावर हुरडा कुणी कुणाला द्यायचा? तात्या एवढं मोकळं बोलले नाहीत. ते म्हणाले, “ग्राहकांची गैरसोय होईल.”

नाना म्हणाले, टोकनं जातील. पितळेची, नंबर कोरलेली टोकनं रोज संध्याकाळी मोजून पेटीत ठेवणं हा त्यांचा नित्यनेम होता. मामा म्हणाले, “माझी पाठ वाचती साहेब, लेजरं उचलून उचलून गेलीय. पण लेजर आणायला कुणी हाकच मारली नाही, तर मला हिथं विचारणार कोण?” मी खिडकीजवळच्या खुर्चीविषयी बोलले. नवीन केबलिंग नेमकं तिथून जाणार होतं. मुंबईहून आलेल्या नकाशात निळे काउंटर सरळ रेषेत होते आणि त्या रेषेने तात्यांना पंख्यापासून दोन खुर्च्या लांब नेऊन बसवलं होतं. ही गोष्ट मात्र तात्या मोकळेपणाने बोलले.

भाषण न देता माणसांना असं आपसांत बोलू दिलं तर काय होतं, हे एकाने मोजूनही ठेवलं आहे. कुर्ट लेविन नावाचे हे मानसशास्त्रज्ञ जर्मनी सोडून अमेरिकेत स्थायिक झाले होते. दुसऱ्या महायुद्धात तिथे मांसाची टंचाई होती, आणि लोकांनी काळीज, गुर्दे असले एरवी नाकारलेले भाग खावेत अशी सरकारची इच्छा. लेविननी आयोवात गृहिणींचे गट केले. काही गटांना व्याख्यान दिलं, त्यात पोषण होतं, देशभक्ती होती, पाककृतीही होत्या. बाकीच्या गटांना आपसांत बोलून काय ते ठरवायला सांगितलं. पुढे चौकशी केली तर व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्के बायकांनी यांतलं काही रांधलं होतं, आणि आपसांत बोलून ठरवणाऱ्यांपैकी 32 टक्के. (हा प्रयोग आमच्याकडे झाला असता तर फसलाच असता. वजडीसाठी रविवारी सकाळी रांग लावणाऱ्यांना व्याख्यान काय आणि चर्चा काय.) प्रोजेक्टरवाल्या साहेबांच्या वाट्याला आमच्यातले 3 टक्के आले. शाखेत माणसं जेमतेम पंधरा, म्हणजे अर्धा माणूस. तो बहुधा एसटी चुकलेला असावा.

भज्यांनंतर आमचे साहेब कामाला लागले. काउंटर हलवायला मुख्य कार्यालयाची परवानगी लागत होती, पंखा हलवायला लागत नव्हती. त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावून पंखा दोन खुर्च्या सरकवला. मामांच्या ताब्यात पासबुक छापायचं यंत्र दिलं. टोकनांची पेटी नानांच्या पिंजऱ्यातच राहू दिली. उपयोग शून्य, पण नाना पुढेही ती मोजत राहिले आणि हिशेब रोज जुळत राहिला. मला खिडकी मिळाली नाही. सगळ्यांना सगळं देतो तो पुढारी निवडणुकीपुरता असतो.

तात्यांचं काम मोठं निघालं. सगळी खाती कॉम्प्युटरात चढवायचा ठेका बाहेरच्या पोरांना दिलेला. त्यांनी भराभर टायपिंग केलं आणि छापील गठ्ठे तपासायला शाखेत आले. तात्या कीबोर्डला हात लावणार नव्हते, तशी त्यांची प्रतिज्ञाच होती. साहेबांनी त्यांना लाल पेन दिलं. पहिल्याच दिवशी तात्यांनी जाहीर केलं, की आपल्या तालुक्यातल्या शेकडो बायकांचं पहिलं नाव ‘सौ’ आहे. मग ‘कै.’ नावाचे पुरुष सापडले, आणि त्यांतले काही पैसे काढत होते. जन्मतारखांची गंमत न्यारीच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावून दिलेली 1 जून ही निम्म्या तालुक्याची जन्मतारीख, तिचं कुणाला नवल नव्हतं. पण जिथे तारीखच नव्हती तिथे पोरांनी 1 जानेवारी 1900 टाकली होती. परिणामी सातवीतला एक मुलगा शंभरी ओलांडून बसला आणि त्याच्या मुदत ठेवीवर ज्येष्ठ नागरिकांचं अर्धा टक्का जादा व्याज दिसू लागलं. तात्यांनी ते कापलं. मुलाचे वडील भांडायला आले, म्हणाले, “कॉम्प्युटर चुकेल कसा?” तात्या कॉम्प्युटरवर आयुष्यात पहिल्यांदा हसले, आणि माझ्या मते आमच्या शाखेत कोअर बँकिंग त्या क्षणी सुरू झालं. पेन्सिलीच्या खुणांना नव्या सिस्टीममध्ये रकाना नव्हता. तात्यांनी त्या एका दोनशे पानी वहीत उतरवून घेतल्या. नंतरची कित्येक वर्षं कर्ज मंजूर करण्याआधी अधिकारी ती वही मागून घ्यायचे.

एका बाबतीत मात्र साहेबांचं काही चाललं नाही. सिस्टीम सुरू करायची तारीख वरून आली, ती नेमकी आमच्या आठवडी बाजाराची. त्यांनी पत्र लिहून दिवस बदलून मागितला. फोनवर उत्तर मिळालं, विभागात एकच तारीख. मग त्यांनी मामांना आदल्या बाजारी चहाच्या टपरीवर बसवलं. पुढच्या बाजारी बँकेत पैसे मिळायचे नाहीत, आजच काढून ठेवा, एवढंच मामांनी चहा पिता पिता दोघांना सांगितलं. दुपारपर्यंत तालुक्याला कळलं, आणि संध्याकाळी नानांकडची रोकड संपत आली. सुरुवातीच्या दिवशी सकाळपासून लिंक नव्हती. शेजारच्या शाखांत काचा फुटायची वेळ आली, आमच्याकडे गर्दीच नव्हती. साहेब स्वतः पहिल्या खिडकीवर बसले होते. पहिलं व्हाउचर त्यांनी टाकलं, ते तीनदा नाकारलं गेलं आणि हॉलमधल्या सगळ्यांना फार बरं वाटलं. त्या पत्राचं लेखी उत्तर चार महिन्यांनी आलं: ‘आपली सूचना नोंदवून घेण्यात आली आहे.’

मामांना विचारणारं कुणी उरणार नाही, ही भीती पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेली. लिंक आली की नाही, हे साहेबांच्या आधी मामांना कळायचं. ते दारात उभे राहून नुसती मान हलवायचे आणि रांग सावलीला जाऊन बसायची. एवढा अधिकार बँकेच्या अध्यक्षांनाही नसेल.

वर्षअखेरीला विभागीय कार्यालयाने यशस्वी परिवर्तनाचा एक सचित्र अहवाल काढला. त्यात प्रोजेक्टरचा फोटो होता, आठ पायऱ्या होत्या, ती वाकडी रेघही होती. प्रोजेक्टरवाल्या साहेबांना बढती मिळाली आणि ते मुंबईत प्रशिक्षण महाविद्यालयात नेतृत्व हा विषय शिकवू लागले. आमच्या साहेबांना ऑडिटरने लेखी विचारलं, की शनिवारी कामकाज संपल्यावर आणलेल्या भज्यांचा 240 रुपयांचा खर्च कोणत्या सदरात बसतो. त्यांनी ‘कर्मचारी प्रशिक्षण’ असं उत्तर दिलं. प्रशिक्षणाला विभागीय कार्यालयाची पूर्वपरवानगी नव्हती, म्हणून ते फेटाळलं गेलं आणि 240 रुपये साहेबांच्या पगारातून वळते झाले.