हसा जरा, काका!

तुळशीचं लग्न लागलं की आमचे शेजारी, पेशाने फोटोग्राफर, घरातून गायब होतात. मुहूर्त पंचांग ठरवतं आणि यांचं पोट मुहूर्तांवर. त्यामुळे सख्ख्या मेहुणीच्या लग्नादिवशी हे भलत्याच कार्यालयात रडवेल्या वधूपित्याला 'हसा जरा, काका' म्हणून दटावत होते. मेहुणी अजून बोलत नाही.

रोलच्या काळात बरं होतं. एका रोलात 36 फोटो. नवऱ्याच्या मामाला जेवताना टिपण्याची चैन परवडत नसे. आता कार्डात हजारो मावतात. परिणामी अंतरपाट दूर होतो तेव्हा पाहुण्यांना वधूवर दिसत नाहीत, यांची पाठ दिसते. निम्म्या अक्षता तिच्यावरच पडतात. (हिशेबाने त्यांची शेकडो लग्नं लागलीत.)

संगीताची मात्र चंगळ. सकाळी स्पीकरवर बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई, रात्री वरातीत 'झिंगाट'. 2016 साली 'सैराट' आल्यापासून या गाण्यावाचून वरात हललेली त्यांनी पाहिलेली नाही. त्या सिनेमात पुढे नवराबायकोचं काय होतं, हे नाचताना कुणालाच आठवत नाही. सासऱ्यांना तर नाहीच.

परवा बँकेला त्यांचा पासपोर्ट साइज फोटो हवा होता. वहिनींनी घरातले सगळे अल्बम उपसले. अखेर एका परक्या लग्नातल्या आरशात नवरा सापडला, तोही चेहऱ्यापुढे कॅमेरा धरलेला. वहिनींनी तोच कापून चिकटवला. बँकेने अर्ज परत पाठवलाय.