शेपटासकट

1978 साली नववीच्या सहामाही परीक्षेत माझा एक 'आफ्टर' हरवला. प्रश्न दोन मार्कांचा, 'चेंज द व्हॉइस'. वाक्य साधं होतं : 'द नर्स लुक्ड आफ्टर द चाइल्ड.' कर्मणी करायची कृती आम्हाला आरतीसारखी पाठ होती. शेवटचा पुढे आणायचा, पुढचा शेवटी न्यायचा, मध्ये 'वॉज' घालायचा, क्रियापदाचं तिसरं रूप करायचं आणि मागे जाणाऱ्याच्या हातात 'बाय' द्यायचा. मी तसं सगळं केलं. 'द चाइल्ड वॉज लुक्ड बाय द नर्स.' वाचून पाहिलं, तर हातात 'आफ्टर' उरलेला. गजराचं घड्याळ उघडून पुन्हा जोडल्यावर एक स्क्रू उरतो ना, तसा. घड्याळ टिकटिकत असेल तर माणूस तो स्क्रू गुपचूप खिशात टाकतो. मीही टाकला.

पेपर वाटताना सरांनी भर वर्गात विचारलं, "मूल बघितलं रे, पण सांभाळलं कोणी?" मग फळ्यावर 'लुक्ड आफ्टर' लिहून दोन्ही शब्दांभोवती खडूने एकच वेढा काढला. "हे शेपूट आहे. बैल उलटा वळवला म्हणून शेपूट गोठ्यात राहतं का?" त्यानंतर हातावर एक पट्टी बसली. ती मात्र शुद्ध कर्तरी होती, कर्ता समोरच उभा होता.

तेव्हापासून इंग्रजी वाक्य संपलं की गॅस बंद केला का, हे बघायला परत फिरणाऱ्या माणसासारखा मी शेपूट बघायला मागे जातो.

खरं तर कर्मणीचं भय मराठी माणसाला वाटायचं कारण नाही. 'मी आंबा खाल्ला', 'मी चिंच खाल्ली' असं आपण बोबडं बोलायला लागल्यापासून म्हणतो. खाणारा मी, पण क्रियापद ऐकतं आंब्याचं आणि चिंचेचं. मोठेपणी तर सरकारी पत्रं येतात : 'आपणांस कळविण्यात येते की पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येत आहे.' कळवणारा कोण, बंद ठेवणारा कोण, काही पत्ता लागत नाही. बंद नळ तेवढा खरा.

शेपटांचंही आपल्याला नवल नसावं. 'देऊन टाकले', 'देऊन बसलो', 'देऊ केले'. पैसे तेच, पण पहिल्यात सुटका आहे, दुसऱ्यात पश्चात्ताप आहे आणि तिसऱ्यात अजून दिलेलेच नाहीत. कुणा इंग्रजाला हे शिकवायची वेळ यावी, मी पट्टी घेऊन तयार आहे.

पण इंग्रजी शेपटांचा एक विशेष मला पुढे फार आवडायला लागला. कर्मणीत कर्ता पळून जातो, शेपूट पळत नाही. 'द हाउस वॉज ब्रोकन इन्टू.' चोर केव्हाच पसार, पण 'इन्टू' पंचनामा होईपर्यंत दारात उभा. 'ही वॉज लाफ्ड ॲट.' हसणारे हसून घरी गेले, 'ॲट' त्या बिचाऱ्याकडे बोट दाखवून तिथेच. एखाद्या जुन्या प्रथेला 'डन अवे विथ' करतात, तेव्हा तर प्रथा जाते आणि मागे दोन शेपटं राहतात.

हे बघून डोकं धरणारा मी पहिला नव्हे. कवी जॉन ड्रायडनने 1672 साली बेन जॉन्सनची चूक काढली, की यानं वाक्याच्या शेवटी 'फ्रॉम' लोंबकळत ठेवलाय. जॉन्सनला जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती, त्यामुळे त्याने काही मनावर घेतलं नाही. पण ड्रायडन प्रामाणिक माणूस. 1684 साली स्वतःच्याच एका जुन्या निबंधाची नवी आवृत्ती काढताना त्याने आपलीही शेपटं शोधून कापली. त्याचं सगळ्या इंग्लंडने ऐकलं असतं तर माझे दोन मार्क वाचले असते. या जोड्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव रूढ झालं ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 1925 सालच्या पुस्तकामुळे, आणि त्यांना ते सुचवलं ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या हेन्री ब्रॅडलींनी. म्हणजे दुखणं शेकडो वर्षांचं, निदान 1925चं.

दहावीत सरांनी आणखी एक गंमत सांगितली होती. सर्वनाम आलं की काही जोड्या सरकून त्याला मध्ये घेतात : 'पुट इट ऑन'. काही तसूभर हलत नाहीत, त्याला शेवटी उभं करतात : 'लुक आफ्टर हिम'. हे मला पुरतं कळलं मुंबईत नोकरीला लागल्यावर, लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी उभा राहिलो तेव्हा. काही बाकांवरचे तिघे न सांगता सरकतात. काही बाकांवरच्या तिघांना खिडकीबाहेर अचानक फार महत्त्वाचं काही दिसायला लागतं.

निवृत्त झाल्यावर लेस्टरला मुलाकडे तीन महिने राहून आलो. निघायच्या आदल्या दिवशी शेजारचे आजोबा कुंपणापलीकडे गुलाब छाटत होते. मुक्काम कसा झाला, म्हणाले. मनात वाक्य तयार होतं : 'आय वॉज पुट अप बाय माय सन.' मुलाने ठेवून घेतलं, एवढंच सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि नववीतला तो फळा समोर आला. 'पुट अप' एवढंच? काहीतरी मागे राहतंय. कुठेतरी एक 'विथ' पाहिल्याचं पक्कं आठवत होतं. म्हटलं, पदरचा जाऊ दे, पण कमी नको.

"आय वॉज पुट अप विथ बाय माय सन," मी ठणठणीत आवाजात म्हणालो, "फॉर थ्री मन्थ्स. व्हेरी लव्हिंगली."

कात्री थांबली. स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून येणारा नळाचा आवाजही थांबला.

"आय कॅन वेल इमॅजिन," आजोबा म्हणाले, आणि पुन्हा गुलाबाकडे वळले.

आत आल्यावर सुनेने ओठ दाबत समजावलं. "बाबा, 'पुट अप' म्हणजे राहायला ठेवून घेणं. 'पुट अप विथ' म्हणजे चालवून घेणं."

"म्हणजे वाक्य चुकलं?"

तिने ते मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. "व्याकरणाने नाही," ती म्हणाली.

रात्री बॅग भरताना तीन महिने डोळ्यांसमोरून गेले. फोडणीने स्मोक अलार्म वाजवण्यात आला, दोनदा. हीटर परस्पर वाढवण्यात आला. सुनेच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मागून बनियनवर जाण्यात आलं. रिसायकलिंगच्या डब्यात नारळाची करवंटी टाकण्यात आली आणि त्यावर पालिकेची चिठ्ठी चिकटवण्यात आली. ह्या सगळ्याचा कर्ता कोण, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. इंग्रजीत सांगायचं तर मी अगदी शेपटासकट बरोबर बोललो होतो.

सकाळी टॅक्सी आली. आजोबा फाटकाशी येऊन उभे राहिले. हात मिळवताना म्हणाले, "नेक्स्ट टाइम, इफ देअर इज नो रूम हिअर, आय'ल पुट यू अप."

सवयीने मी पुढच्या शब्दासाठी थांबलो. आजोबा नुसते बघत होते. टॅक्सीवाल्याने डिकी आपटली, मुलगा "बाबा, चला" म्हणाला, तरी मी हात सोडला नव्हता. मग लक्षात आलं, 'विथ' येणारच नव्हता. 'यू' मध्ये होता. 'पुट' थोडा इकडे सरकला होता, 'अप' थोडा तिकडे.