काकांचा पायलट सेल

अमेरिकेतल्या उपनगरात समोरून बघितलं तर आधी गॅरेज दिसतं, मग घर. पुढचं दार पार्सलवाल्यासाठी आणि दिवाळीच्या पाहुण्यांसाठी. घरची माणसं बारा महिने गॅरेजमधूनच येतात-जातात. बटण दाबलं की दार वर, परत दाबलं की खाली. ते कोण उचलतं, कशावर उचलतं, हे मान वर करून बघण्याची गरज कुणाला पडत नाही. काकांना पडते.

काका कराडचे. उभी हयात वीज मंडळाच्या सबस्टेशनात गेली. लेक-जावई कॅलिफोर्नियात, सॅन रॅमॉनला. काका-काकू एप्रिलात येतात आणि पासपोर्टावरच्या सहा महिन्यांच्या शिक्क्याला जागून परत जातात. अशा आईवडिलांचा इथला दिनक्रम ठरलेला असतो: सकाळी पार्कात आपल्यासारख्यांबरोबर चक्कर, दुपारी मालिका, संध्याकाळी नातवंडांच्या मागे. काका पार्कात गेले ते पहिला आठवडाभरच. वाटेत लोकांची उघडी गॅरेजं लागायची आणि पार्क राहूनच जायचं.

आता काका रस्त्याने चालतात ते माणसांकडे बघत नाहीत. छताला टांगलेल्या, दार उचलणाऱ्या पेट्या बघतात. पेटीवरचा दिवा हिरवा असेल तर पुढे. नारिंगी असेल तर थबकतात. तांबडा दिसला की सरळ आत. "नमस्कार. तुमची बॅटरी गेलीय." घरवाला मराठी असो, पंजाबी असो की मेक्सिकन, हे वाक्य त्याला मराठीतच ऐकावं लागतं. आश्चर्य म्हणजे सगळ्यांना ते कळतं, कारण काकांचं बोट वर असतं.

वरच्या पेटीत बॅटरी कशाला, असं जावयाने एकदा विचारलं होतं. हा प्रश्न विचारण्याची चूक त्याने पुन्हा केली नाही. काका चहा थंड होईपर्यंत बोलले. पण त्यातला एक भाग त्यांनी आवाज न चढवता सांगितला. 2017च्या ऑक्टोबरात इथून उत्तरेला, सोनोमा-नापाकडे वणवा पेटला. मध्यरात्री वीज गेली. आग दाराशी आली, गाडी गॅरेजात, आणि दार उघडेना. काही माणसं त्यात गेली, त्यात वयस्कर जास्त. मग राज्याने कायदा केला: 1 जुलै 2019 पासून कॅलिफोर्नियात गॅरेजच्या दाराचं जे नवं यंत्र विकायचं, बसवायचं, त्याला वीज गेल्यावर चालणारी बॅटरी हवीच. "कायदा चांगला आहे," काका म्हणाले. "पण बॅटरी बसवून माणूस मोकळा होतो. तिच्याकडे बघायचं कुणी?"

सबस्टेशनात बघायचे ते काका. ब्रेकर, रिले, सगळं चालतं डीसीवर, आणि डीसी येतो बॅटरी-रूममधून. एकशे दहा व्होल्टचा बँक म्हणजे दोन-दोन व्होल्टचे पंचावन्न सेल, लाकडी घोडीवर ओळीने. खाली आम्लाला दाद न देणारी फरशी, भिंतीत एक्झॉस्ट फॅन, दारावर विडी न ओढण्याची पाटी. पंचावन्न सेल रोज कोण मोजणार? म्हणून त्यातला एक नेमायचा. त्याला म्हणायचं पायलट सेल. दर पाळीला हायड्रोमीटरने त्याची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या आम्लाची घनता, बघायची, व्होल्टेज बघायचं, वहीत लिहायचं, आणि त्याच्या तब्येतीवरून बाकीच्या चोपन्नांची ओळखायची. पाणी कमी दिसलं तर डिस्टिल्ड वॉटर. टर्मिनलला व्हॅसलीन. काका म्हणतात, घरी पोरांना ताप आला तर काकूंनी बघितला. पायलट सेलची ग्रॅव्हिटी मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. काकू हे ऐकून मान डोलावतात. ते कौतुक नसतं.

असा माणूस शेजारी, आमच्या गॅरेजात, स्टुलावर चढला, पेटीचं झाकण काढलं आणि आतली बॅटरी हातात घेतली. बारा व्होल्ट, पाच अँपिअर-अवर. विटेपेक्षा लहान, काळी, चारी बाजूंनी बंद. काकांनी ती उलटीसुलटी केली. कानाशी धरून हलवली.

"झाकण कुठंय?"

"नसतं, काका. मेंटेनन्स फ्री आहे."

"पाणी कुठनं घालायचं मग?"

"घालायचंच नसतं."

काका स्टुलावरून उतरले. निवृत्तीच्या दिवशी हार घालून घेतानाही त्यांचा चेहरा असा झाला नसावा. जिला पाणी लागत नाही, ग्रॅव्हिटी दाखवता येत नाही, जिची तब्येत बाहेरून कळत नाही, अशा बॅटरीशी संसार करायचा कसा? थोड्या वेळाने त्यांनी वर बघितलं आणि त्यांना नवीनच संताप सापडला. "आणि हिला माळ्यावर कुणी ठेवली? उष्णता वर चढते हे या लोकांना माहीत नाही?" मुद्दा खरा आहे. बॅटरी दहा अंशांनी जास्त तापली की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा जुन्या लोकांचा ठोकताळा आहे. आणि सॅन रॅमॉनच्या उन्हाळ्यात छताखाली हात धरवत नाही. दोन-तीन वर्षांत ती मान टाकते त्यात तिचा दोष नाही.

त्या दिवशी काकांनी आमच्या गॅरेजला गल्लीचा पायलट सेल नेमलं. आमचं यंत्र सर्वांत जुनं, म्हणून. तेव्हापासून दर सोमवारी ते मल्टिमीटर घेऊन येतात, बारा पूर्णांक काहीतरी बघतात, वहीत लिहितात आणि आमच्या आकड्यावरून बारा घरांबद्दल मत बनवतात. आमची बॅटरी उतरली तर समोरच्या चिनी कुटुंबाला निरोप जातो.

काकांची खरी ख्याती झाली ती गणपतीत. जावयाच्या घरी साठ माणसं, आरती रंगात, आणि "जय देव जय देव"च्या मधल्या श्वासात कुठूनतरी आवाज: पिक्. अर्ध्या मिनिटाने पुन्हा: पिक्. अमेरिकेत असा आवाज आला की माणूस धूर ओळखणाऱ्या यंत्राकडे धावतो, कारण त्याचा सेल संपत आला की तेही असंच चिवचिवतं. तिथे जमलेल्यांत संगणकवाले निदान वीस. त्यांनी खुर्च्यांवर चढून खालची यंत्रं काढली, वरची काढली, कार्बन मोनॉक्साइडचं काढलं. सगळी टेबलावर मोदकांशेजारी ओळीने मांडली. पिक् चालूच. एकाने मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून तपासायला घेतला. तोवर काका हातातली आरती पुढच्याकडे देऊन गॅरेजात गेले होते. परत आले ते बॅटरी घेऊनच. "नवी येईपर्यंत ओरडणार नाही. मंत्रपुष्पांजली राहिलीय ना?"

मला विचाराल तर या प्रसंगाने काका थोडे बिघडले. पूर्वी ते नुसते बघायचे. आता त्यांना बोलावणी येऊ लागली. खिशात स्क्रू-ड्रायव्हर, पिशवीत मल्टिमीटर आणि कायमचा काळा मार्कर. बदललेल्या प्रत्येक बॅटरीवर तारीख आणि खाली सही. सरकारी नोकरीत सहीशिवाय काही बदलत नाही. उतरलेल्या बॅटऱ्या कचऱ्यात टाकायला इथे बंदी आहे, आत शिसं असतं. त्या गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात नेऊन द्यायच्या. त्यामुळे जावयाच्या गाडीच्या डिकीत कायम चार-पाच मृत बॅटऱ्या असतात आणि जावई वळणावर गाडी हळू घेतो.

रिमोटच्या सेलांशी मात्र काकांचं जमायला वेळ लागला. आमच्या पिढीने सेल संपला की काय केलं? ट्रान्झिस्टरमधून काढला, उन्हात ठेवला, दाताखाली दाबला, पुन्हा घातला. काकांची त्याहून शास्त्रीय पद्धत म्हणजे जीभ. दारालगतच्या आकड्यांच्या पट्टीत नऊ व्होल्टचा चौकोनी सेल असतो. त्याची दोन्ही टोकं ते जिभेला लावतात आणि झिणझिणीवरून "अजून दिवाळी काढील" असं सांगतात. रिमोटमध्ये असतो बटण सेल, सीआर 2032, म्हणजे वीस मिलिमीटर रुंद आणि तीन पूर्णांक दोन जाड. सवयीने काकांनी तोही जिभेला लावला. झिणझिणी नाही; कडूजहर. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या अशा सेलांवर कडू लेप देतात, हे त्यांना त्यानंतर कळलं. काकूंनी तासभर गूळ दिला. दुसऱ्या दिवशी काकांनी तोच लेप दुसऱ्या एका घरी पकडला: नवा सेल घालूनही रिमोट चालेना, कारण लेपामुळे पत्र्याला नीट स्पर्श होत नव्हता. स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, चालला. "चव घेतली नसती तर कळलं असतं का?" असं ते काकूंना अजून ऐकवतात.

इथल्या मराठी मंडळातल्या एका डॉक्टरबाईंचा रिमोट तर दाराला नाक लावल्याशिवाय चालत नव्हता. त्यांनी सेल बदलला, पुन्हा बदलला, रिमोट नवा घेतला. काका गेले, वर बघितलं आणि पेटीतला दिवा काढून खिशात घातला. दार रस्त्यावरून उघडलं! स्वस्तातला एलईडी होता. तसले दिवे रेडिओलहरींत खरखर करतात आणि रिमोटचं बोलणं पेटीच्या कानावर पडत नाही. डॉक्टरबाईंनी फी विचारली. काकांनी त्यांना खाली बसवून लाल दोरी शिकवली.

लाल दोरी ही काकांची संध्या आहे. पेटीपाशी लाल मुठीची एक दोरी लोंबते. बॅटरीही गेली, तर ती ओढायची, दार यंत्रापासून सुटतं आणि हाताने उचलता येतं. पण दार खाली असतानाच ओढायची. वर असताना ओढली आणि स्प्रिंग तुटलेली असली तर दीडशे पौंडांचं दार डोक्यात. काका हे प्रत्येकाकडून म्हणून घेतात, करूनही घेतात. काकूंकडूनही घेतलं. काकूंनी एका हाताने दार उचललं, म्हणाल्या, "एवढं हलकं आहे तर तुमची बॅटरी कशाला?" काकांनी वर स्प्रिंग दाखवली. ओझं ती घेते; साधारण दहा हजार उघडझापी, दिवसाला चार धरल्या तर सातेक वर्षं. तिला ते स्वतः हात लावत नाहीत. पाचशे सेल हाताळलेला माणूस जिथे हात मागे घेतो, तिथे आपणही घ्यावा.

गेल्या उन्हाळ्यात जावयाने नवीन यंत्र बसवलं, मोबाइलला जोडलेलं. दार उघडलं, मिटलं, बॅटरी उतरली, सगळं फोनवर येतं. काका खचतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी ते ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं आणि कराडला गेले.

आता कराडात सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात, काका पेपर वाचत असतात आणि फोन सांगतो की सॅन रॅमॉनचं दार उघडलं. म्हणजे तिथे रात्रीचे अकरा. लेक-जावई झोपलेले. उरली नात, वय सतरा, नवीन लायसन. पहिल्या वेळी काकांनी तिला फोन केला.

"आजोबा, प्लीज, आईला सांगू नका."

काकांनी विचार केला. मग अटी सांगितल्या. दर सोमवारी मल्टिमीटर लावून आकडा पाठवायचा. महिन्याला दाराखाली दोन इंची फळी आडवी ठेवायची. दार तिला टेकून उलटं फिरलं पाहिजे. सेन्सरच्या काचा पुसायच्या. शेजारच्या पायलट सेललाही जायचं.

आमच्याकडे हल्ली सोमवारी ती पोरगी येते. आकडा बघते, वहीत लिहिते, खाली सही करते. मागच्या वेळी तिने आमच्या पेटीकडे बघून मान हलवली आणि म्हणाली, "काका, तुमची बॅटरी गेलीय. आणि शनिवारी मी उशिरा येणार आहे, आजोबांना माहीत आहे."