पश्चात्तापाचा हंगाम

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात तेंदूपत्त्याप्रमाणेच पश्चात्तापालाही हंगाम असतो. मे महिन्याच्या उन्हात ७० पानांचे पुडके बांधताना जो गृहस्थ एका पानाचीही चूक होऊ देत नाही, तोच मजुरी हाती पडताच मोटारसायकलचा पहिला हप्ता भरतो, दुसऱ्यासाठी बचतगटाकडे धाव घेतो, गटाच्या फेडीसाठी सावकाराकडे पत्नीचे डोरले तारण ठेवतो आणि इतकी तजवीज झाल्यावर यापुढे कर्ज न काढण्याची शपथ घेऊन, तिच्या सन्मानार्थ किरकोळ उसनवारी करतो. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यान्वये शेतकऱ्याच्या तारणी कर्जावर वार्षिक ९ टक्के ही व्याजाची मर्यादा ठरली खरी. परंतु ती सरकारी दप्तरात सुखरूप असून, विनापरवाना सावकाराची व्याज महिन्याने मोजण्याची वहिवाट अबाधित आहे. शहरातील पगारदारांनी हसू नये. क्रेडिट कार्डाचे देणे वैयक्तिक कर्जातून भागवणारे तेही याच पंथाचे वारकरी, फक्त त्यांचे कपडे इस्त्रीचे. पश्चात्ताप कोणतीही पेढी तारण म्हणून स्वीकारत नाही. म्हणून वाचकहो, अंगठा वा सही उमटवण्यापूर्वी व्याज महिन्याचे की वर्षाचे, एवढे तरी विचारून घ्यावे.