सातशे फुटांतला वाडा

सातारा-सांगलीकडे सध्या दोन कामं जोरात आहेत. वाडे पाडून फ्लॅट बांधायचे आणि मग त्या फ्लॅटमध्ये वाडा बसवायचा. पाडणारे आणि बसवणारे पुष्कळदा एकाच घरातले निघतात. साताऱ्यातल्या आमच्या सातशे फुटांच्या फ्लॅटचं रंगकाम निघालं, तेव्हा बायकोनं जाहीर केलं की नुसता रंग नाही, आता घरच पारंपरिक करायचं. असं, की पन्नास वर्षांनीसुद्धा जुनं वाटणार नाही. "कारण ते आधीच जुनं असेल," एवढं मी म्हणालो आणि घरसजावटीतला माझा सहभाग तिथंच संपला.

बायकोचं माहेर सांगलीचं. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच राहायला होत्या. गावभागातल्या वाड्यात त्यांचा उभा संसार झालेला. म्हणजे घरात वाड्याची खरी तज्ज्ञ एकच बाई होती आणि तिला कुणीही काही विचारलं नाही.

विचारलं कुणाला, तर एका तरुण इंटिरियर डिझायनरला. त्यानं टॅबवर आमचं घर दाखवलं. आमचंच, पण ओळखू येईना. स्लॅबला प्लास्टर ऑफ पॅरिसचा कडीपाट, दाराला गणेशपट्टी, हॉलमध्ये बंगई, जात्यावर काच ठेवून केलेला टीपॉय, घंगाळात पाणी आणि त्यात तरंगती झेंडूची फुलं. एक भिंत हळदीच्या रंगाची. "सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय टॅग मिळालाय, ऑथेंटिक वाटेल," असं तो म्हणाला. बाल्कनीच्या दाराशी तांब्याचा बंब.

सासूबाई आतून आल्या. "बंब कशाला?"

"शोला, काकू. त्यात मनीप्लांट लावू."

"पेटवायचा नाही ना?"

"नाही."

"मग असू दे." त्या परत आत गेल्या. पहाटे उठून बंबात चिपाडं सारताना आयुष्यभर डोळे चुरचुरलेल्या बाईला त्यात मनीप्लांट लागणार याचा मनापासून आनंद झाला असावा.

मग हळूहळू त्या बोलायला लागल्या आणि डिझायनरची पंचाईत झाली. कडीपाट? वरच्या मजल्यावर पोर धावलं की फटीतून माती गळायची, म्हणून चहाच्या कपावर कायम बशी. बंगई? त्यांच्या सासऱ्यांची. तिच्यावर बसायची मुभा त्यांना सासरे गेल्यावर मिळाली, आणि तोवर गुडघे गेले होते. कोनाडे? कपाट परवडत नव्हतं म्हणून. शिवाय तिथल्या भिंती दोन-दोन हात जाड, पांढऱ्या मातीच्या. आमची भिंत चार इंची. तिच्यात कोनाडा पाडला असता तर आमची समई शेजाऱ्यांच्या टीव्हीमागे निघाली असती.

पण सांगलीकराची सजावटीची नजर कशानं घडते, हे सातारकराला कळणं अवघड. आम्ही अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेली माणसं. आमच्याकडे पाणी येत नाही अशी तक्रार असते, पाणी आलं अशी नसते. सांगलीत 1929 पासून आयर्विन पूल उभा आहे आणि पावसाळ्यात अख्खं गाव त्याच्यापाशी कृष्णा किती फुटांवर आली हे विचारत असतं. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. त्यामुळे फर्निचरच्या दुकानात आपण विचारतो, सागवान आहे का? पॉलिश कुठलं? सासूबाई विचारतात, "हे दोघांना उचलून माडीवर नेता येतं का?" पूर ओसरल्यावर प्लायवुडची कपाटं टम्म फुगून दारं उघडेनाशी झाली. पितळेचे डबे, समया, तांबे मात्र गाळातून काढले, चिंच लावून घासले, की परत फळीवर. कुठली वस्तू टिकाऊ आणि कुठली नाही, याचा निकाल कृष्णामाई दर काही वर्षांनी देते, आणि त्यावर अपील नाही.

डिझायनरला संदर्भ हवेत म्हणून एका रविवारी आम्ही सगळे वाईजवळ मेणवलीला गेलो. नाना फडणविसांचा वाडा. नानांचा जन्म आमच्या साताऱ्यातला, 1742 चा. हे मी गाडीत सांगितलं, कुणी ऐकलं नाही. चौकामागून चौक, भिंतींवरची चित्रं, मागे कृष्णेचा घाट. 2004 च्या 'स्वदेस'मध्ये शाहरुख खान याच घाटावर आला होता, ते मात्र सगळ्यांना माहीत होतं. आमच्या वाई-मेणवलीनं हिंदी सिनेमात इतक्या वेळा उत्तर प्रदेश आणि बिहारचं काम केलंय, की आता खरा बिहार पाहिला तर तो आपल्याला नकली वाटेल.

घाटावरच्या देवळापाशी एक दांडगी घंटा आहे. चिमाजीअप्पांनी 1739 साली वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगिजांकडून जी लूट आली त्यातली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. डिझायनर चपापला. अस्सल मराठी पारंपरिक घाटावर अस्सल मराठी पारंपरिक घंटा असावी, अशी त्याची माफक अपेक्षा होती. सासूबाईंनी तिला हात लावून नमस्कार केला. "आवाज चांगला असला म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. नानांनीही एवढंच पाहिलं असणार.

माझा उत्साह वाढला. पुढच्या सुट्टीत मी मंडळींना औंधला नेलं. तिथल्या टेकडीवर राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय आहे. रविवर्म्याची चित्रं पाहून डिझायनर खूश. "हे परफेक्ट, हॉलमध्ये याचा प्रिंट लावू." मी त्याला सांगितलं की आमच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती अशीच होती, रविवर्म्याच्या छापखान्यातली, आणि तो छापखाना 1894 मध्ये जर्मन यंत्रांवर सुरू झाला होता. आजीच्या लेखी ती त्या काळची ताजी फॅशन. मग आम्ही हेन्री मूरच्या 'मदर अँड चाइल्ड'समोर आलो. हो, तोच ब्रिटिश हेन्री मूर. त्याचं शिल्प सातारा जिल्ह्यातल्या औंधमध्ये आहे. सूर्यनमस्कारांचा प्रचार करणाऱ्या, स्वतः रामायणाची चित्रं काढणाऱ्या राजानं ते घेतलं. ह्याच भवानरावांनी 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना लोखंडी नांगराच्या कारखान्यासाठी माळरान दिलं, त्याची किर्लोस्करवाडी झाली. परंपरा जपणं म्हणजे नवं घरात घेऊ नये, असं या माणसाला कुणी सांगितलेलंच दिसत नाही. कोनाड्यात पणती ठेवून आपण ज्यांची नक्कल करतो, ते लोक परवडेल तितकं नवीन घेत होते. आपल्यालाच फक्त त्यांचं जुनं हवंय.

हे भाषण मी परतीच्या वाटेवर केलं. मागच्या सीटवर सगळे झोपले होते.

मग तंबोरा निघाला. हॉलच्या कोपऱ्यात उभा तंबोरा आणि त्यावर खालून पिवळा दिवा, अशी कल्पना. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो. वाद्यं घडवायची ही कलाही अशीच, नवं हाती घेण्यातून जन्मलेली. हत्यारांना धार लावणारे शिकलगार. तलवारींचं गिऱ्हाईक आटलं तेव्हा एकोणिसाव्या शतकात ते सतारी-तंबोरे करायला लागले. मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, आणि कान असा की किराणा घराण्याचे गवयी तिथं वाद्य लावून घ्यायला येत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मिळाला. कारागिरानं बसायला सतरंजी टाकली आणि साधा प्रश्न केला, "गातं कोण?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"पट्टी कुठली? बाईमाणूस की पुरुष?"

"कुणी गात नाही," बायको म्हणाली, "कोपऱ्यात ठेवायचाय."

तो रागावला नाही, हेच लागलं. आत जाऊन त्यानं एक तंबोरा आणला. "हा न्या. भोपळा तडकलाय, सूर धरत नाही. तुमचं काम होईल." पैसेही थोडेच सांगितले. सासूबाईंनी पदरात तोंड लपवलं. शेवटी आम्ही चिवडा घेऊन परत आलो.

गणेशपट्टीचं दार मात्र आलं. कुठल्याशा पाडलेल्या वाड्याचं. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून चार माणसांनी जिन्यानं वर चढवलं. आमच्या चौकटीपेक्षा ते वीतभर बुटकं, त्यामुळे भिंत खाली आणावी लागली, आणि आता प्रत्येक पाहुणा घरात शिरताना कपाळ आपटतो. सासूबाई म्हणतात, हा एक भाग अगदी वाड्यासारखा जमलाय.

दार घेऊन आलेला जुन्या सामानाचा व्यापारी घाम पुसत बाल्कनीत गेला आणि तिथंच थांबला. तिथं सासूबाईंच्या लग्नातलं आरशाचं लोखंडी कपाट होतं. डिझायनरनं पहिल्याच दिवशी त्याला हॉलबाहेर काढलं होतं. थीमला मारतं म्हणून.

"हे द्यायचंय का?" व्यापाऱ्यानं विचारलं. "पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं हल्ली हेच शोधतात. गोल कोपऱ्याचं, जुन्या मुठीचं. घर पारंपरिक दिसतं म्हणतात."

डिझायनरनं टॅब खाली ठेवला. बायको काही म्हणणार, तेवढ्यात सासूबाई खुर्ची ओढून व्यापाऱ्यासमोर बसल्या.

"किती देणार?"

त्यानं आकडा सांगितला. आमच्या दाराच्या किमतीच्या जवळपास जाणारा.

"2005 च्या पुरात तीन दिवस बुडालेलं आहे," त्या म्हणाल्या. "कुलूप अजून लागतं. त्याचे वेगळे."