‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’: कावेरीकाठच्या उमेदवारांसाठी मार्गदर्शिका

नोकरीच्या मुलाखतीत विचारले जाणारे प्रश्न मोजून दहा-बारा, आणि तेही सगळ्यांना आधीपासून ठाऊक. पेपर फुटलेला असूनही विद्यार्थी धडाधड नापास होतात अशी ही एकमेव परीक्षा असावी. तिरुवैयारू, पापनासम, ओरत्तनाडू, नीडामंगलम इथून रात्रीच्या बसने चेन्नईला निघणारी मुलं-मुली उत्तरं घोकतच बसमध्ये चढतात आणि सकाळी पहिल्याच प्रश्नाला घसरतात. दोष त्यांच्या पाठांतराचा नाही. पाठांतरात कावेरीकाठ कुणाला हार जायचा नाही. दोष पुस्तकांचा. ती पुस्तकं परदेशी, त्यातली उदाहरणं परदेशी, आणि इकडे आपल्या जिल्ह्यात नोकरभरतीचे हजार वर्षांचे दाखले दगडावर कोरलेले पडून आहेत. ते कुणी वाचत नाही. म्हणून ही मार्गदर्शिका. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि बायोडेटावर इंग्रजी अशी त्रिस्थळी यात्रा रोज करणाऱ्या रावांच्या पोरांना ती विशेष उपयोगी पडावी.

पहिला प्रश्न ठरलेला: ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’. उत्तर दोन मिनिटांत संपवावं असं जाणकार सांगतात. तंजावरात ही मर्यादा पाळल्याचा पुरावा नाही. सरफोजीराजे दुसरे यांनी या प्रश्नाचं उत्तर १८०३ साली दिलं. ते बृहदीश्वराच्या देवळात प्राकाराच्या भिंतीवर मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरलेलं आहे. भोसल्यांचं मूळ कुठलं इथपासून शहाजी, शिवाजी, एकोजी असं करत करत गाडी सरफोजींपर्यंत येते. जगातल्या मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. वाचायचा तर उभ्याने, ओळीमागून ओळ, भिंतीच्या कडेकडेने सरकत जावं लागतं. राजाला हे शोभतं, कारण राजाला ‘थँक यू, वी विल गेट बॅक टु यू’ म्हणणारा कुणी समोर नसतो. तुमच्यासमोर असतो. तेव्हा नियम पहिला: उत्तर आपल्या जन्मानंतर सुरू करावं.

हा नियम पाळणं सोपं नाही, कारण सराव घरी होतो आणि घरी मॅनेजरची भूमिका अप्पा करतात. तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, वेष्टी सावरत, हातात घडी घातलेला ‘हिंदू’ घेऊन.

“हं. सांग.”

“अप्पा, मॅनेजर ‘हं, सांग’ असं म्हणत नाही.”

“बरं. टेल मी अबाउट युवरसेल्फ.”

“आय ॲम अ मेकॅनिकल इंजिनिअर फ्रॉम—”

“पणजोबा मिरासदार होते ते सांग ना आधी.”

“त्यांना पणजोबांचं काय करायचंय?”

“मग काय, मेकॅनिकल इंजिनिअर त्यांनी पाहिला नाही? गल्लीत सात आहेत.”

अप्पांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण मिरासदारी सीटीसीमध्ये धरत नाहीत, हे त्यांना प्रेमाने सांगावं आणि सराव मावशीकडे करावा.

‘पुढाकार घेतल्याचं एखादं उदाहरण द्या’ या प्रश्नाला आपल्या इतिहासात उत्कृष्ट उत्तर आहे, पण ते वापरू नये. १६७० च्या दशकात विजापूरच्या आदिलशहाने एकोजीराजांना तंजावरला पाठवलं ते मदुरेच्या नायकाला हुसकावून तंजावरच्या नायकाच्या वारसाला गादीवर बसवायला. एकोजींनी सोपवलेलं काम केलं आणि मग गादीवर स्वतः बसले. व्यवस्थापनशास्त्रात याला ‘ओनरशिप घेणं’ म्हणतात. ते कर्मचाऱ्यांनी करावं असं सगळ्या कंपन्या म्हणतात. कुणी खरोखर केलं की त्यांना आवडत नाही.

बाहेरगावी जाण्याची तयारी आहे का, असं विचारलं तर बिनधास्त हो म्हणावं. पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इथे आले, अजून परत गेलेले नाहीत. यापेक्षा मोठा पुरावा कोणता उमेदवार देईल? फक्त रुजू होण्याची तारीख मान्य करण्याआधी घरी विचारून घ्यावं. मेट्टूर धरणाचं पाणी सोडायची ठरलेली तारीख १२ जून. घरी दोन एकर कुरुवै, म्हणजे पहिल्या हंगामाचा भात, लावायची असेल तर त्या सुमाराला अप्पांना मुलाचं करिअर दिसत नाही, फक्त कालवा दिसतो.

‘आधीची नोकरी का सोडली?’ इथे सरफोजीराजे पुन्हा मदतीला येतात. १७९८ साली ते गादीवर बसले आणि १७९९ च्या तहात सगळा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे उरला किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. आजच्या भाषेत, कंपनीने टेकओव्हर केलं आणि त्यांना भरपाई देऊन बाजूला बसवलं. मधल्या रिकाम्या काळात काय केलंत, असा पुढचा प्रश्न येतोच. राजांचं उत्तर: सरस्वती महालचा ग्रंथसंग्रह वाढवला, छापखाना काढला, धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग केले, डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी ठेवल्या. तुम्ही मधल्या दोन वर्षांत क्रिकेट पाहिलं असेल तर ‘अपस्किलिंग’ म्हणावं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावं.

शिक्षणात खंड पडला असेल तर त्यासाठी कुंभकोणमचा एक नमुना पाठच करून ठेवावा. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर वाढलेला मुलगा. गणितात असामान्य, बाकी विषयांत यथातथा. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात इंग्रजीत नापास होऊन शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासला पचैयप्पा कॉलेजात जाऊनही एफ.ए. पार झालं नाही. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्याने मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य हिशेबनिसाकडे कारकुनीसाठी अर्ज केला. त्यात ‘नापास’ हा शब्द नाही. मॅट्रिक झालो, एफ.ए.पर्यंत शिकलो, काही अडचणींमुळे पुढचं शिक्षण खुंटलं, सगळा वेळ गणितात घालवतो आहे, काम नीट करीन. बस्स. खोटं एक अक्षर नाही आणि खरं काय ते शोधायला एक पुस्तक लिहावं लागेल. अर्जदार श्रीनिवास रामानुजन. १ मार्चला रुजू झाले, तिसऱ्या वर्गातल्या चौथ्या श्रेणीचे कारकून, पगार महिना ३० रुपये. त्याआधी काही आठवडे अकाउंटंट जनरलच्या कचेरीत २० रुपयांवर हंगामी होते, म्हणजे उडी थेट पन्नास टक्क्यांची. आयटीवाल्यांनी नोंद घ्यावी.

आता वशिला. मार्गदर्शनाच्या पुस्तकांत याला ‘रेफरन्स’ म्हणतात आणि बायोडेटाच्या तळाशी दोन ओळीत उरकतात. आपल्याकडे तो बायोडेटाच्या आधी पोचतो. कुंभकोणमचे टी. माधवराव १८५७ साली त्रावणकोरचे दिवाण झाले तेव्हा वय अवघं तिशीच्या आसपास. पुढे इंदूर, मग बडोदा. माणूस कर्तबगार होता यात वाद नाही. पण त्यांचे वडील रंगराव आणि काका वेंकटराव हे दोघेही आधी त्रावणकोरचे दिवाण होते. चुलत घराण्यातले रघुनाथराव इंदूरचे दिवाण झाले, मुलगा आनंदराव म्हैसूरचा. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ या प्रश्नावर या घरातली मुलं फक्त संस्थानाचं नाव विचारत असतील. रामानुजनच्या अर्जासोबतही प्रेसिडेन्सी कॉलेजच्या मिडलमास्ट साहेबांचं शिफारसपत्र होतं, आणि पोर्ट ट्रस्टमध्ये गणिताचे जाणकार नारायण अय्यर आधीपासून होते. तेव्हा ‘इथे तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?’ असं विचारलं तर संकोचू नये. प्रश्न विचारणाऱ्यालाही कुणीतरी ओळखत होतंच.

आणि आता तो प्रश्न, ज्याला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण सर्वांत जास्त थापा इथेच मारल्या जातात: ‘ही नोकरी तुम्हाला का हवी आहे?’

खरं उत्तर कुणीच देत नाही. ग्राहकांच्या जीवनात परिवर्तन, शिकण्याची आस, कंपनीची मूल्यव्यवस्था असलं काहीबाही सांगितलं जातं. टायर विकणाऱ्या कंपनीच्या मूल्यव्यवस्थेने भारावलेला बावीस वर्षांचा मुलगा पाहून समोरच्याला हसू येत नाही, कारण त्यानेही तिथे बसण्याआधी हेच सांगितलेलं असतं. दोघंही एकमेकांची लाज राखतात.

अपवाद नोंदलेला आहे. १९१० साल. रामानुजन नोकरी शोधत फिरत होते. तिरुक्कोयिलूरला डेप्युटी कलेक्टर रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. त्यांनी महसूल खात्यात कारकुनी मागणाऱ्या या पोराची वही पाहिली आणि एवढी बुद्धी तळाच्या कारकुनीत गाडायची नाही म्हणून नोकरी दिली नाही. ‘ओव्हरक्वालिफाइड’ हा शब्द अजून आला नव्हता, नकार मात्र तोच. तिथून चिठ्ठ्या घेत घेत ते वर्षअखेरीला नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यासमोर पोचले. रावसाहेबांनी पुढे ही भेट लिहून ठेवली. बुटका, अंगाने भरलेला, दाढी वाढलेली, फारसा स्वच्छ नाही, डोळे तेवढे चमकदार, काखेत फाटकी वही. आमच्या मार्गदर्शिकेतले वेशभूषेचे सगळे नियम एका वाक्यात मोडलेले. रावसाहेब स्वतः गणितातले. तरी पहिल्यांदा त्यांना काही उमगलं नाही, म्हणून पुन्हा यायला सांगितलं. रामानुजन पुन्हा आले. समोरच्याला कुठवर समजतं ते ओळखून त्यांनी सोप्या निकालांपासून सुरुवात केली, पायरी पायरीने वर नेलं आणि शेवटी असं काही दाखवलं की कलेक्टरांची शंका फिटली. मग रावसाहेबांनी विचारलं, तुला हवंय काय? उत्तर आलं: पोटापुरतं मिळावं, म्हणजे गणित करता येईल.

एवढंच. टीमवर्क नाही, व्हिजन नाही. पोटासाठी हवं, आणि पोट भरल्यावर मला दुसरंच काहीतरी करायचंय. या उत्तरावर आज कुठलंही पॅनेल उमेदवाराला बाहेर बसवील. रामचंद्र रावांनी स्वतःच्या खिशातून महिना २५ रुपये सुरू केले. अर्थात नोकरी तेव्हाही मिळाली नाही, हे लक्षात घ्यावं. नोकरी मिळाली ती पोर्ट ट्रस्टला ‘काम नीट करीन’ असं लिहून दिल्यावर. आणि केंब्रिजच्या हार्डींना जानेवारी १९१३ मध्ये पत्र लिहिताना याच प्रामाणिक माणसाने वय ‘सुमारे २३’ घातलं, तेव्हा पंचविशी उलटली होती. म्हणजे त्यांनाही हळूहळू जमू लागलं होतं.

उमेदवाराने यातून काय घ्यावं, हे मला विचाराल तर दाढी करून जावं आणि समोरच्याला कुठवर कळतं याचा अंदाज घेऊन बोलावं. बाकीचं पॅनेलमध्ये कोण बसलंय त्यावर.

पगाराची अपेक्षा सांगताना आकडा आधी आपण बोलू नये, असा एक संप्रदाय आहे. राजराज चोळाने हा पेच ठेवलाच नव्हता. १०१० साली पुरं झालेल्या त्याच्या मोठ्या देवळाच्या, म्हणजे त्याच बृहदीश्वराच्या, भिंतीवर चारशे नर्तकींची नावं, कुठल्या गल्लीत कितवं घर हा पत्ता आणि प्रत्येकीचा वाटा कोरलेला आहे: वर्षाला शंभर कलम (धान्याचं जुनं माप) भात, शिवाय राहायला घर. सगळ्यांचा पगार सगळ्यांना भिंतीवर दिसतो. कुठल्याही एचआरवाल्याला हे वाचून घाम फुटेल. पुढे अनुकंपेची अटही आहे: कुणी वारलं किंवा गाव सोडून गेलं तर जवळच्या नातेवाइकाने काम करावं आणि भात घ्यावा, तो लायक नसेल तर त्याने लायक माणूस निवडून त्याच्याकडून काम करून घ्यावं. आउटसोर्सिंग बेंगळुरूत सुरू झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी तंजावरला येऊन जावं.

देहबोलीबद्दल थोडंसं. समोरचा बोलताना मान हलवावी, पण बाजारातल्या तलैयाट्टी बोम्मैसारखी नको. त्या बाहुलीला धक्का कुठूनही द्या, ती कबूलच असते. उत्तरेकडचा मॅनेजर असेल तर आपल्या आडव्या डोलण्याचा अर्थ त्याला नकार वाटतो, आणि तो पगार वाढवून सांगतो असं ऐकिवात नाही.

फॉर्ममध्ये मातृभाषा ‘मराठी’ लिहिणाऱ्यांना एक सूचना. पॅनेलवर कधीतरी पुण्याचे गृहस्थ निघतात, खूश होतात आणि म्हणतात, “अरे वा, मग मराठीतच बोला की!” घाबरू नये. आपली मराठी ऐकून त्यांचा चेहरा हळूहळू बदलेल. आपण आणखी दोन वाक्यं बोलावीत. ते स्वतःहून इंग्रजीवर येतात.

शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का, असं म्हणतात. विचारावं. कॅन्टीनचं मात्र विचारू नये. कुंभकोणमच्या माणसाला कॉफीविषयी कुठेही समाधान मिळायचं नाही.

मुलाखत हा प्रकारच ज्यांना झेपत नाही, त्यांनी उत्तरमेरूरचा दहाव्या शतकातला शिलालेख पाहावा. ते गाव आपल्या खोऱ्याबाहेरचं, पण राज्य चोळांचंच. ग्रामसभेच्या समित्यांसाठी वय पस्तीस ते सत्तर, स्वतःची जमीन, स्वतःच्या जागेवर घर, आणि आधीच्या कामाचा हिशेब न दिलेला माणूस नातेवाइकांसकट बाद. जे उरतील त्यांची नावं ताडपत्रावर लिहून घागरीत टाकायची आणि लहान मुलाने एक उचलायची. कुणी कुणाला पाच वर्षांनी कुठे असाल हे विचारत नाही.

आज त्याच्या सर्वांत जवळ जाते ती तमिळनाडू लोकसेवा आयोगाची ग्रुप ४ परीक्षा, जिच्यातून गावचा प्रशासकीय अधिकारी, कनिष्ठ साहाय्यक, टंकलेखक भरले जातात. तिला मुलाखत नाही, एकच लेखी पेपर. ज्यांचा डोळा त्या नोकरीवर आहे त्यांनी वरचं सगळं विसरून तमिळचं पुस्तक उघडावं: तमिळच्या भागात चाळीस टक्के पडले नाहीत तर पेपरचा उरलेला भाग तपासतच नाहीत.